शुक्रावरचा शेवटचा माणूस

“शुक्रावर माणूस जगेल?” सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या गरम खोलीच्या, वरच्या फळीवरून केर्तूने विचारलं. “इथे नव्वद अंश, तिथे साडेचारशेच्या वर. बघूया की! बाहेर पळेल तो मेला,” म्हणत तौनोआजोबांनी तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं. धाकटी इंकेरी किंचाळत पळाली, मग केर्तूही. दोघी तळ्यात डुंबून आल्या, तरी आजोबा आतच. बाहेर पायरीवर बटाटे सोलणाऱ्या आजीला डॉक्टरांनी बजावलं होतं, “यांच्या हृदयाला दहा मिनिटं पुष्कळ.” पण हाक मारून नवऱ्याला सॉनातून उतरवलं, तर गावभर हसं. ती सोलत राहिली. “म्हातारबाबा, घाबरलात ना?” इंकेरी दाराबाहेरून ओरडली. “अजून जिवंत आहे!” आतून आवाज आला. पुन्हा पाणी चरचरलं. मग बराच वेळ काहीच नाही. “बघ गं,” आजी म्हणाली. केर्तूने दार किलकिलं केलं. “आजी, आजोबा रडीचा डाव खेळतायत! श्वासच घेत नाहीयेत.”