उघडते का? नाही

यामिनी टिपणीस एका ऑनलाइन बाजारासाठी वस्तूंची माहिती लिहायची. घराघरांतल्या वस्तू ती माहिती वाचायच्या आणि अगदी तशाच वागायच्या. त्या दुपारी घरून काम करताना तिने सारख्या दिसणाऱ्या दोन नोंदी एकत्र केल्या. एक होती दाराची, दुसरी भिंतीवर लावायच्या शोभेच्या फळीची. त्या गडबडीत 'उघडते का?' यापुढे दारालाही फळीचं 'नाही' लागलं.

थोड्याच वेळात शेजारच्या खिडकीतून शेवंतामावशींची हाक आली. "यामिनी, अगं माझं दारच उघडेना. ऑक्सिजनचा सिलिंडर बाहेर येऊन पडलाय आणि घरातला संपत आलाय."

यामिनीने आपलं दार ओढून पाहिलं. तेही हललं नाही. तिने अग्निशमन दलाला फोन लावला.

"बाई, आम्हीच आत अडकलोय," तिकडचा माणूस म्हणाला. "गाडी काढू कशी?"

तिने घाईघाईने दुरुस्ती पाठवली: 'उघडते. चूक माझी.' बाजाराच्या तपासणी यंत्रणेने देशभरातली दारं तपासली आणि मिनिटभरात कळवलं, 'एकही दार उघडत नाही. आधीची माहिती बरोबर आहे. दुरुस्ती नामंजूर.'

तिने पुन्हा पाठवली. पुन्हा तेच उत्तर आलं.

"काही कळलं का गं?" मावशींचा आवाज बारीक झाला होता.

यामिनीने वरवंटा उचलला.

"कळलं, मावशी. माझ्या हातून झालंय. आधी माझं दार फोडतेय, मग तुमचं. तुम्ही फक्त बोलत राहा."