गेटच्या अलीकडे

बाबांनी विंडचीटर नेहमीसारखं उलटं घातलं, चेन पाठीकडे, आणि ते तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. असं घातलं की छातीला वारा लागत नाही, हे त्यांचं म्हणणं. मीटर रीडर म्हणून तीस वर्षं गल्लोगल्ली हिंडताना त्यांना ही युक्ती सापडली होती, निवृत्त झाल्यावरही त्यांनी ती सोडली नव्हती. तिने चेन वर ओढली.

"हळू गं. मानेवरचे केस अडकतात."

"आहेत किती ते."

"आहेत तेवढे तरी राहू देत."

मोटरसायकल दीडशे सीसीची, अकरा वर्षांची. बाबांनी फडक्याने आधी मागची सीट पुसली, मग पुढची. वाटेत सिग्नलला शेजारच्या स्वाराने विचारलं, "काका, ॲव्हरेज किती देते?" "पन्नासच्या खाली यायचं नाव नाही," बाबा म्हणाले, आणि सिग्नल सुटला तरी त्याला टायरमधल्या हवेचं महत्त्व सांगत राहिले. मागून हॉर्न वाजायला लागले. तिने मान खाली घातली.

ऑफिसच्या गेटच्या अलीकडे, औषधांच्या दुकानाशी, तिने त्यांच्या खांद्यावर दोनदा बोट वाजवलं. नोकरी लागल्याला दोन महिने झाले होते, आणि रोज ती इथेच उतरत होती. गेटपाशी गाड्यांची फार गर्दी असते, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. गर्दी असायची हे खरं होतं. चारचाकींची असायची.

ती हेल्मेट काढून त्यांच्या हातात देत होती, तेवढ्यात दुकानातून अकाउंट्सच्या मॅडम बाहेर आल्या.

"अगं, तू? बाइक टॅक्सीने येतेस होय?"

त्या उलट्या विंडचीटरकडे बघत होत्या. बाबांच्या हेल्मेटची काच खाली होती.

"हो," ती म्हणाली.

"मग बरंच झालं. आमची गाडी आज गॅरेजात, आणि इथे एक टॅक्सी थांबेल तर शपथ. भाऊ, मोकळे आहात ना? मला बँकेपर्यंत सोडा."

बाबांनी काच वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. नीट ऐकू आलं नाही की माणूस समोरच्याकडे बघतो, पुन्हा सांगेल म्हणून थांबतो, तसं.

तिने घड्याळ पाहिलं.

"बसा ना, मॅडम," बाबा म्हणाले. "थांबा, तिकडचा फूटरेस्ट घट्ट आहे, मी उघडतो." ते उतरले, वाकले, हाताने फूटरेस्ट खाली केला. तिचं हेल्मेट त्यांनी मॅडमना दिलं. "पट्टा बसतोय का बघा."

ती गेटकडे चालू लागली. संध्याकाळी घरी गेल्यावर बोलायचं, असं तिने ठरवलं. सुरुवात कशी करायची तेही ठरवलं.

दुपारी जेवून बाबा आडवे झाले, ते उठले नाहीत.

अठरा दिवसांनी ती मोटरसायकल घेऊन ऑफिसला निघाली. चालवायला बाबांनीच शिकवली होती, मोकळ्या मैदानावर. इतक्या रहदारीत तिने ती कधी आणली नव्हती. दोनदा बंद पडली. औषधांच्या दुकानापाशी ती थांबली नाही. गेटमधून आत गेली आणि दोन गाड्यांच्या मधल्या जागेत तिने ती लावली.

अकाउंट्सच्या मॅडम त्यांच्या गाडीतून उतरत होत्या. त्या लगबगीने आल्या, तिचा हात हातात घेतला.

"आलीस? फार वाईट झालं गं. घरी यायचं होतं आम्हाला सगळ्यांना, पण तुझा पत्ताच कुणाकडे नव्हता. आई कशी आहे?"

"बरी आहे. मावशी आहे सोबतीला."

"जेवतेस ना वेळेवर? अर्धी झालीस." मग त्यांचं लक्ष मोटरसायकलकडे गेलं. "ही त्या काकांची ना? तुझ्या टॅक्सीवाल्या? एक आरसा गोल, एक चौकोनी, लगेच ओळखली मी. तुला विकली होय त्यांनी?"

तिने मोकळ्या हाताने किल्ली काढून घेतली.

"सज्जन माणूस हं अगदी. मी बँकेपाशी उतरले तर पैसेच घेईनात. म्हणे, त्या मॅडम आमच्या रोजच्या, तुम्ही त्यांच्याकडच्या. मी गमतीने विचारलं, आमची पोरगी त्रास देते का हो? तर म्हणाले, छे, कधी एक मिनिट थांबवून ठेवत नाही, वेळेची पक्की आहे."

रोज सकाळी बाबा खाली गाडी चालू करून दहा-दहा मिनिटं उभे असत आणि ती वर तिसरी ओढणी बदलत असे.

"आता नवी घेतली असेल त्यांनी," मॅडम म्हणाल्या. "भेटले तर सांग, मी आठवण काढली म्हणून. चल, लिफ्ट आली."

लिफ्टपाशी चारपाच जण उभे होते. त्यांच्यातल्या एकाने दार धरून ठेवलं होतं. गेटवरचा पहारेकरीही तिच्याकडेच बघत होता, नेहमी पायी येणारी आज गाडीवर कशी, म्हणून.

तिने मॅडमच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"ते टॅक्सीवाले नव्हते, मॅडम. माझे बाबा होते. मी हो म्हणाले, तेव्हा ते ऐकत होते."