सोमवारचा फोटो

जनरलची उडी चुकली. टांगलेल्या गोल कड्यातून पलीकडे जायचं सोडून तो म्हातारा कुत्रा कड्याच्या अलीकडेच धपकन बसला आणि प्रेक्षकांकडे बघून त्यानं मोठी जांभई दिली.

लोक हसले. त्याची मालकीण डेलिया वेबही हसली, पण तिची नजर प्रेक्षकांच्या पलीकडे गेली. मागच्या भिंतीला टेकून मॅनेजर प्रॅट उभा होता, आणि हा सोमवारचा दुपारचा पहिला खेळ होता.

व्हॉडविलमध्ये, म्हणजे गावोगावच्या थिएटरांतल्या या रंगारंग खेळांत, सगळ्यांचं नशीब सोमवारी दुपारीच ठरतं. गाणारे, नकलाकार, कसरतवाले, कुत्रीवाले एकामागून एक येऊन जातात आणि मॅनेजर मागे उभा राहून त्यांना पारखतो. जो पसंत पडत नाही, त्याचा दर्शनी भिंतीवरचा फोटो उतरतो. मॅनेजर तो स्वतः नेऊन त्याच्या हातात ठेवतो. बोलायचं कुणीच काही नसतं. फोटो परत आला की सामान बांधायचं. अल्टूनासारखं हे लहान गाव असो की शिकागो, रिवाज एकच.

खेळ संपल्यावर ड्रमवाला गस लिंडक्विस्ट खालून धापा टाकत तिच्या खोलीशी आला.

"माझंच चुकलं, डेलिया. ड्रम जरा आधी वाजला. जनरल बिचारा गोंधळला."

"तुझा हात कधी चुकतो का रे? उगीच माझ्यासाठी पाप डोक्यावर घेऊ नकोस. कुत्रा म्हातारा झालाय. मालकीणही झालीय."

गस मान खाली घालून उभा राहिला. असा सरळ माणूस त्या थिएटरात दुसरा नव्हता. नव्या लोकांना खोल्या मिळवून देणार गस, आजाऱ्याला सूप नेणार गस. मॅनेजर प्रॅट गेल्या महिन्यापर्यंत बुटांचं दुकान चालवत होता. काकाच्या माघारी थिएटर गळ्यात पडलं, तेव्हा त्यालाही हाताला धरून सगळं दाखवलं ते गसनंच.

डेलियावर त्याचा जीव होता, आणि ते थिएटरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. ती दरवर्षी आठवडाभरासाठी अल्टूनाला यायची आणि दरवर्षी गस तिला लग्नाचं विचारायचा, भावाच्या सफरचंदांच्या बागेत जाऊन राहू म्हणायचा. तीही दरवर्षी तेच सांगायची, "माझा फोटो भिंतीवर आहे तोवर नाही, गस. आवडतोस तू मला. पण चूल आणि पडदा, दोन्ही मला जमायचं नाही."

"विचारू का या वर्षीही?" गस म्हणाला.

"आधी प्रॅटसाहेब काय ठरवतात ते बघू दे. जीव टांगणीला लागलाय माझा."

शेजारच्या खोलीतला जाडा विदूषक मुलव्हेनी डोकावला. "काही होत नाही गं! जांभईला केवढे हसले! माझ्या अख्ख्या नकलेला एवढे हसत नाहीत."

"तू गप रे. तुझ्या नकलेला कुत्रं आण, मग हसतील."

तेवढ्यात मुलव्हेनीचा चेहरा पडला. बोळातून प्रॅट येत होता, आणि त्याच्या हातात फोटो होता.

गस बाजूला सरकला. प्रॅट दारात अवघडून थांबला, टोपी काढली, कसाबसा हसला आणि फोटो डेलियाच्या हातात ठेवला. फोटोत ती तरुण होती आणि जनरल पिल्लू होता.

"बरं," डेलिया म्हणाली. "कधीपर्यंत?"

"संध्याकाळच्या खेळाआधी झालं तर बरं. म्हणजे, माझी मुलगी..."

"कारणं नकोत, साहेब. मी जुनी बाई आहे. कळतं मला."

प्रॅट सुटल्यासारखा मान लववून निघून गेला.

मग मात्र डेलिया रडली. लपवाछपवी न करता, जनरलच्या मानेत तोंड खुपसून रडली. आता कुठलं थिएटर तिला घेणार होतं? असल्या बातम्या तिच्या गाडीच्या आधी पुढच्या गावी पोचतात. मुलव्हेनीनं तिच्यासाठी कॉफी आणली आणि तिला द्यायची विसरून स्वतःच पिऊन टाकली, इतकं त्याला वाईट वाटलं.

गस तिची उड्यांची कडी, झालरी, जनरलचा छोटा कोट, सगळं निगुतीनं घडी करून पेटीत ठेवत राहिला. डेलियानं ते बराच वेळ बघितलं. मग नाक पुसलं.

"गस, तुझ्या भावाच्या सफरचंदांच्या बागेत कुत्र्यांना मनाई नाही ना?"

गसच्या हातातला कोट खाली पडला. "जनरलचं घर उन्हाळ्यातच बांधून ठेवलंय. लाल रंगाचं."

"वेडा आहेस," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. "चल मग. पण ड्रम घरात वाजवायचा नाही."

पाचच्या गाडीनं ती तिघं गेली. सगळी मंडळी स्टेशनवर पोचवायला गेली होती. जुळ्या कसरतवाल्या बहिणींनी तांदूळ उधळले, गसनं मुलव्हेनीला उचलायचा प्रयत्न केला, आणि खिडकीत बसलेली डेलिया खरोखर सुखी दिसत होती.

मुलव्हेनी परतला तेव्हा प्रॅट बोळात घाम पुसत फिरत होता. ड्रमजवळ कुणी नाही, मिस वेबची खोली रिकामी.

"गेले कुठे सगळे?" त्यानं विचारलं. "आणि फोटोवर सही केली का त्यांनी? माझ्या मुलीला त्यावर जनरलच्या पंजाचा ठसाही हवाय. ती जांभई बघून पोरीनं डोकं खाल्लंय माझं, रोज बघायचीय म्हणते!"

मुलव्हेनी मटकन पायरीवर बसला. "साहेब, सही हवी होती, तर तोंडानं सांगायचं तरी ना!"

"सांगणारच होतो," प्रॅट गोंधळून म्हणाला. "पण गसनंच बजावलं होतं, बाई फार लाजाळू आहेत, काही बोलू नका, भिंतीवरचा फोटो काढून नुसता हातात ठेवा, त्यांना बरोबर कळेल."