चतुराबाईंची नळी

"नळी कुठंय?" डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला. "मला तर दिसत नाही."

सुकेशनी खुर्चीतून अर्धी उठली. आजीच्या पोटात नळी नाही म्हणजे काय? अख्खं घर त्या नळीवर चालत होतं!

पाचेक वर्षांपूर्वी चतुराबाईंच्या पित्ताशयात खडे झाले, पू धरला. काळीज इतकं अशक्त, की ऑपरेशनला कुणी हात लावेना. शेवटी नांदेडच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून पित्ताशयात प्लास्टिकची बारीकशी नळी बसवली. पू वाहून गेला, म्हातारी वाचली. आणि त्या दिवसापासून ताडकळसच्या त्या घरात नळीचं राज्य सुरू झालं. भाजीत तेल जास्त पडलं, की नळी दुखायची. सून बबिता माहेरी निघाली, की नळी सरकायची. एकदा तर कुणी टीव्हीवरची मालिका बदलली म्हणून सरकली. नळीपुढं कुणाचं काय चालणार?

आता सुकेशनीला पुण्याच्या कारखान्यात नोकरी लागली होती. पोरीनं त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. आजीनं ऐकलं आणि ती आडवीच झाली.

"जा की. इथं मला इचारतंय कोण? नळी सुटली तर मातीला ये म्हंजे झालं."

बाप सिद्धोधन म्हणाला, राहू दे ती नोकरी. सुकेशनी लय रडली, मग चिडली, आणि आजीला एसटीत घालून थेट परभणीला आली. नळी धडधाकट आहे असं डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्यायचं, एवढाच तिचा बेत होता.

"अशी नळी बऱ्याच जणांच्या पोटात वर्षानुवर्षं बिनतक्रार राहते," डॉक्टर म्हणाले. "कधी आपोआप सुटून संडासावाटे पडूनही जाते. यांची पडलेली दिसते. पित्ताशय शांत आहे. ताप आला, दुखलं तर लगेच आणा. बाकी आजी ठणठणीत आहेत. सांगा त्यांना."

सुकेशनीला आधी हसूच फुटलं. वाटलं, नाचत बाहेर जावं आणि दवाखानाभर ओरडून सांगावं. नळीच नाही! आता कर म्हणावं नाटकं!

बाहेर बाकड्यावर बसलेल्या चतुराबाई तिला पाहून धडपडत उठल्या. त्यांचा चेहरा बघितला आणि पोरगी जागीच थबकली. म्हातारी घाबरली होती. खरीखुरी. हिचा सगळा जीव त्या नळीत. नाही म्हणून सांगितलं तर इथंच हाय खाईल. सुकेशनीला भडभडून आलं. मरू दे ती नोकरी, तिला वाटलं.

"काय म्हणला डाक्टर?" आजीनं विचारलं. "हाय का नळी?"

"हाय की. जाग्यावरच हाय. पर लय नाजूक झालीय म्हणले. तुला सोडून कुठं जाऊ नको म्हणले मला."

"डाक्टर म्हणला असं?"

"व्हय. फोटूत दिसायलीय ना नळी."

चतुराबाई नातीकडं बघत राहिल्या. नात मात्र फरशीकडं बघत होती, आणि डोळ्यांतलं पाणी काही तिला लपवता येत नव्हतं.

स्टँडवर ताडकळसची गाडी लागली होती. सुकेशनीनं हात धरला तरी आजी पायरी चढेना.

"सोमवारी जा तू पुण्याला," ती म्हणाली.

"आन् नळी गं?"

"कशाची नळी बाई! बसवली त्याच्या पुढल्याच साली रानात पडली ती. धुऊन पेटीत ठेवलीय म्या."