कोळशाचं स्नान

देवघरातल्या कोळशाला स्नान घालताना वेणूबाईंच्या हाताला पिवळट भुकटी लागली. कोळशातली सोनेरी रेघ आणखी झिजली होती. दसऱ्याच्या पूजेला नवऱ्यानं खाणीतून आणलेला तुकडा. महिन्याभरात ते खाणीतच गुदमरून गेले. तेवढीच आठवण उरली होती. वेणूबाईंना रडू आलं नाही. दोन वर्षांत आलंच नव्हतं.

"आई, पाणी घालू नकोस गं," भूगर्भशास्त्र शिकणारी लेक म्हणाली. "सोनं नाही ते, लोखंड आणि गंधक. ज्या झाडांचा कोळसा झाला, ती दलदलीत गाडली गेली, तिथं हवा नव्हती, म्हणून हे तयार झालं. हवापाणी लागलं की विरतं. बाटलीत घट्ट बंद करून ठेवू, टिकेल."

"तुझे बाबा कोंडूनच गेले. याला नको कोंडूस," म्हणत त्यांनी रोजच्यासारखं पळीभर पाणी घातलं.