खालच्या सुरातली खरखर

"ताई, तुमच्या आवाजात खरखर येतेय," ऑर्गनवाला म्हणाला. "वरच्या सुरात नाही, अगदी साध्या, खालच्या सुरात. एकदा घसा दाखवून घ्या."

सराव संपून सगळे पांगले होते. चर्चमध्ये तो, ती आणि दाराशी थांबलेली तिची मैत्रीण बेकरीवाली, एवढेच.

ती कपडे शिवायची, पण चर्चमध्ये सगळे तिला बुलबुल म्हणत. तेवीस वर्षं दर रविवारचं एकटीचं गीत तिचंच असायचं. या माणसाला येऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. इतर दिवशी तो रेडिओ दुरुस्त करायचा.

"शिलाईच्या धुळीने बसलाय जरा," ती म्हणाली.

"तसंही असेल. पण दाखवा."

रस्त्यावर येताच बेकरीवालीने तिचा दंड धरला. "मनावर नको घेऊस गं. काय गायलीस आज! अंगावर काटा आला माझ्या." मग आवाज खाली आणला. "त्याची भाची गाते, ठाऊक आहे ना?"

ठाऊक नव्हतं. आता झालं.

पुढच्या सरावाला ती भाची खरंच आली आणि तिसऱ्या रांगेत उभी राहिली. ऑर्गनवाल्याने बुलबुलच्या गीताचा कागद पुढे केला. त्यावर पेन्सिलीच्या खुणाच खुणा.

"दोन सूर खाली घेतलंय," तो म्हणाला. "ताण नको घशावर."

"मी सांगितलं होतं?"

त्याने नजर कागदावर वळवली. चोराच्या मनात चांदणं, असं तिला वाटून गेलं. ती हट्टाने जुन्या पट्टीतच गायली. सगळ्यांनी म्हणायच्या धृपदात शेजारी बेकरीवाली अलीकडे गायची तशी, जरा मोठ्यानेच गात होती. गाणं संपताच तिने थर्मासातलं गरम पाणी पुढे केलं. "घे. अप्रतिम!"

मंगळवारी ऑर्गनवाला थेट तिच्या शिलाईच्या दुकानात आला. बुलबुलच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने मशीनवर एक चिठ्ठी ठेवली.

"डॉक्टरांचा पत्ता आहे. गुरुवारी सकाळची वेळ घेतलीय."

तिने टाचण्या एकेक करून काढल्या. "तुम्हाला एवढी कसली घाई?"

"मी रोज प्रार्थनेत तुमचं नाव घेतो, ताई. पण डॉक्टरकडे तुम्हालाच जावं लागेल."

"म्हणजे देवाच्या नावाने मला बाजूला काढायचं आणि भाचीला पुढे करायचं!"

त्याचा चेहरा पडला. "रागवा माझ्यावर," तो म्हणाला, "हवं तेवढं रागवा. पण जा."

संध्याकाळी बेकरीवाली हे ऐकून लालबुंद झाली. "देवाच्या घरात बसून असलं मन! तू असं कर, घसा ठणठणीत आहे असं लिहूनच आण. चर्चच्या पाळकसाहेबांच्या हातात कागद दे, म्हणजे याचं तोंड बंद. आणि त्याच्या डॉक्टरकडे नको, आपण दुसरीकडे जाऊ. मी येते ना सोबत."

गुरुवारी दोघी दुसऱ्याच डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"मला फक्त दाखला हवाय," बुलबुल म्हणाली. "आवाज चांगला आहे, असा."

डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घातली. समोरच्या पडद्यावर काहीतरी गुलाबी, ओलसर हललं. त्यांनी नळी एका जागी बराच वेळ धरली. मग काढली आणि हात धुतले. गरजेपेक्षा जास्त वेळ धुतले.

"स्वरयंत्रावर गाठ आहे," त्या म्हणाल्या. "तपासणीला तुकडा पाठवावा लागेल, पण लक्षण बरं नाही. तुम्ही आलात ते बरं केलंत, जीव वाचेल असं वाटतंय. गाणं मात्र..." त्या थांबल्या. "वर्षभर आधी कळलं असतं, तर आवाजही वाचला असता. खरखर तेव्हाच सुरू झाली असणार. जवळच्या कुणाच्याच कानावर आली नाही?"

बुलबुलने मान हलवली. कुणाच्याच नाही.

बेकरीवालीने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. तिला स्वतःलाच रडू फुटलं होतं.

"माझ्या कानावर आली होती गं, मागच्या वर्षीच," ती म्हणाली. "पण तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."