तिसऱ्या गिअरपर्यंत

पॉन्से शहरातल्या माझ्या गॅरेजात, विल्फ्रेदो शर्यतीत ज्या गाडीत मेला त्याच जुन्या गाडीला इंजिनाचा नवा कॉम्प्युटर बसवला, तर इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा हलेना. वायरीत रेझिस्टर घातला, तेव्हा हलला. पण बॅटरी तर अजून जोडलीच नव्हती, खाली जमिनीवर होती.

काटा चढला, उतरला, जणू आत कुणी गिअर बदलतंय. पुन्हा चढला, उतरला. तिसऱ्या गिअरला धाडकन शून्यावर.

"इथंच भिंतीचा मुका घेतला गड्यानं!" माझा मेकॅनिक चेगुई खिदळला. "बोलवा त्याच्या बायकोला, नवऱ्याची रेस दाखवू!"

आम्ही सगळेच हसलो. त्याची बायको इवेलिसे आली, काट्याकडे बघत राहिली.

"आत बसून बघा ना, भावजी."

चेगुई हसत स्टिअरिंगमागे जाऊन बसला. दार तिनं बाहेरून लावून दाबून धरलं.

काटा चढला. चेगुईचा पाय आपोआप क्लचवर गेला, हातानं दुसरा गिअर टाकला.

"वहिनी, दार उघडा!"

"टाका तिसरा, भावजी."